फॅनी हेन्सेल: 'एफ. मेंडेल्सोन'मधला 'एफ' कोणाचा?

काळी_चार (धागाकर्ती)

गेले तीन महिने मी पियानोवर 'सप्टेंबर' नावाच्या एका तुकड्याशी झटतेय. चाळिशीनंतर शिकायला घेतलंय, बोटं ऐकत नाहीत, ते सोडा. या तुकड्यात चाल नेहमीसारखी वर, करंगळीच्या बाजूला नाहीच. ती मधेच कुठेतरी, अंगठ्यांच्या आसपास चालते आणि तिच्याभोवती सारखं पाणी खळाळत असतं. पाणी जरा जोरात वाजलं की चाल बुडाली. आमच्या बाई दर आठवड्याला तेच सांगतात: अंगठा जड, बाकीची बोटं असून नसल्यासारखी.

कागदावर नाव होतं फॅनी हेन्सेल. ही कोण म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "मेंडेल्सोनची बहीण." झालं. पुढे बाईंनाही फारसं माहीत नव्हतं. मग मीच खोदत बसले आणि आता पोटात मावेना म्हणून हा धागा.

जन्म १४ नोव्हेंबर १८०५, हॅम्बुर्ग. भाऊ फेलिक्स, म्हणजे तो प्रसिद्ध जर्मन संगीतकार मेंडेल्सोन, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. आजोबा मोझेस मेंडेल्सोन मोठे तत्त्वज्ञ, वडील अब्राहम बँकर. आई लेआ स्वतः पियानो वाजवणारी. मुलगी जन्मली तेव्हा तिची बोटं बघून आई म्हणाली होती, ही तर बाखच्या फ्यूगची बोटं (बाख म्हणजे थोर जर्मन संगीतकार, फ्यूग म्हणजे त्याच्या गुंतागुंतीच्या रचना). तेराव्या वर्षी फॅनीनं बाखचे चोवीस प्रील्यूड पाठ वाजवून वडिलांच्या वाढदिवसाला भेट दिली. चोवीस, पाठ! मला एक पानही बघून नीट येत नाही.

दोघा भावंडांचे गुरू एकच, बर्लिनचे त्सेल्टर. घर एक, पियानो एक, शिकवणीही एकच. आणि १८२० च्या जुलैत वडिलांचं तिला पत्र येतं. त्याचा आशय असा: संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो नेहमी दागिनाच राहू शकतो आणि राहायला हवा. तुझ्या असण्याचा पाया नव्हे. ती तेव्हा चौदा वर्षांची आहे.

'दागिना' हा शब्द वाचून मी थांबले. आपल्याकडे 'हौस' म्हणतात. मुलीला गाणं शिकवलंय, हौस म्हणून. चहापोह्यांच्या वेळी एक भावगीत म्हणून दाखवण्यापुरतं.

आता शीर्षकातल्या 'एफ'बद्दल. १९७० साली पॅरिसमध्ये पियानोच्या एका सोनाटाचं (अनेक भागांची मोठी रचना) हस्तलिखित सापडलं. सही 'एफ. मेंडेल्सोन', साल १८२८. सगळे धरून चालले, फेलिक्सचंच. १९७२ मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली, तीही त्याच्या नावानं. फॅनीच्या रोजनिशीत १८२९ च्या एप्रिलमध्ये 'माझा ईस्टर सोनाटा' असा उल्लेख आहे, पण तो सोनाटा हरवला असंच समजत होते. शेवटी २०१० मध्ये अँजेला मेस या अमेरिकन संशोधिकेनं ते हस्तलिखित प्रत्यक्ष पाहिलं. अक्षर फॅनीचं. आणि बर्लिनच्या ग्रंथालयात फॅनीची जी वही आहे तिच्यातली काही पानं गायब होती. या पानांचे आकडे बरोबर त्या जागेत बसले. ८ मार्च २०१७ ला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सोफिया गुल्याकनं तो सोनाटा वाजवला आणि बीबीसीनं तो प्रसारित केला, फॅनीच्या नावानं. लिहिल्यापासून १८९ वर्षांनी.

कोणी तिचं काही ऐकलंय का? आणि फेलिक्सबद्दल काय वाटतं, त्यानं तिला दाबलं का?

---

निर्मळ_तळं

फॅनी माहीत नव्हती, पण फेलिक्स पक्का माहितीचा. आमच्या वसईत लग्नाचा विधी आटोपून नवरा-नवरी चर्चबाहेर निघताना त्याचाच वेडिंग मार्च असतो. ब्रास बँडचा कॉर्नेटवाला नवखा असला तर पहिल्या तीन सुरांतच घसरतो आणि मागच्या बाकांवर हशा पिकतो. पोरापोरींना संगीतकाराचं नाव माहीत नसतं, चाल सगळ्यांना पाठ.

---

काळी_चार

निर्मळ_तळं, थांबा, तुमच्यासाठी मस्त गोष्ट आहे. फॅनीचं लग्न ३ ऑक्टोबर १८२९ ला झालं, विल्हेल्म हेन्सेल या चित्रकाराशी. लग्नासाठी ऑर्गनची रचना फेलिक्स पाठवणार होता. पण लंडनमध्ये त्याची घोडागाडी उलटून पाय जायबंदी झाला. ना रचना आली, ना तो आला. मग आदल्या रात्री नवरीनं स्वतःच बसून आपल्या लग्नाचं संगीत लिहून काढलं. आपल्याकडे आदल्या रात्री मेंदी सुकवत बसतात.

जगाच्या लग्नांना भावाचा मार्च वाजतो (तो त्यानं पुढे १८४२ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकासाठी लिहिला) आणि बहिणीच्या लग्नाला तिचं स्वतःचंच संगीत वाजलं.

---

टीकोजीराव

धागा चांगला आहे, पण शेवटचा प्रश्न वाचून वाटलंच की आता फेलिक्सला चाबकाचे फटके बसणार. हल्ली कुठल्याही मोठ्या माणसाची बहीण किंवा बायको सापडली की तो माणूस चोर ठरतो. जरा सबुरीनं घ्या.

एक म्हणजे, फेलिक्सच्या ओपस ८ आणि ओपस ९ (ओपस म्हणजे छापील रचनेचा क्रमांक) या गाण्यांच्या संग्रहांत फॅनीची प्रत्येकी तीन गाणी त्याच्या नावावर छापली गेली, हे खरं. पण ती चोरून नव्हे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिला ते चाललं होतं. १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियानं त्याच्याच संग्रहातलं 'इटालिएन' हे गाणं निवडून गायलं. ते नेमकं फॅनीचं! त्यानं तिथल्या तिथे कबूल केलं की हे माझ्या बहिणीचं आहे, आणि माझं एखादं म्हणा अशी विनंती केली. स्वतः आईला पत्रात लिहिलंय की कबूल करणं जड गेलं. चोर असं पत्र लिहीत नाही. (त्याच पत्रात आहे की राणी गाण्याआधी खोलीतला पोपट बाहेर काढावा लागला, नाहीतर तो तिच्यावर ताण करून ओरडला असता. पिंजरा उचलून नेला तो खुद्द फेलिक्सनं.)

दुसरं, हा मामला फक्त बाई-पुरुषाचा नाही, घराण्याच्या इभ्रतीचा आहे. पियानोवादक क्लारा शूमान त्याच काळात गावोगावी पैसे घेऊन वाजवत होतीच की. कारण तिचा बाप संगीतशिक्षक, मुलीनं पैसे घेऊन वाजवण्यात त्याला कमीपणा नव्हता. मेंडेल्सोन पडले बँकर. बँकरच्या मुलीनं तिकीट लावून वाजवायचं म्हणजे घरात दिवाळं निघालं की काय अशी कुजबुज व्हायची. त्यात हे ज्यू घराणं, १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा करून नुकतं ख्रिस्ती समाजात उभं राहिलेलं. बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हा बापाचा हिशोब. तो चुकीचा असेल, पण समजण्यासारखा आहे.

---

ठाण्याची_आजी

टीकोजीराव, हिशोब बापाचा आणि वजाबाकी मुलीची, असं का असतं हो नेहमी?

---

टीकोजीराव

आजी, नमस्कार घ्या. हरलो.

(तात्पुरता.)

---

काळी_चार

टीकोजीराव, इभ्रतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फेलिक्सला चोर मीही म्हणणार नाही. पण मला त्याची चोरी नाही, मखलाशी खुपते.

१८३५ मध्ये वडील गेले. बंदी घालणारा माणूसच उरला नाही. १८३७ मध्ये फॅनीचं एक गाणं तिच्या स्वतःच्या नावानं एका संग्रहात छापून आलं. ते लाइपझिगच्या मैफलीत गायलं गेलं तेव्हा फेलिक्सनं तिला कौतुकाचं पत्र लिहिलं, रसिकांच्या वतीनं आभार मानले. आणि त्याच वर्षी जूनमध्ये आईनं जेव्हा लिहिलं की तू तिला छापायला उत्तेजन दे, तेव्हा त्याचं उत्तर: माझ्या मते तिच्यात लेखिकेची वृत्ती नाही, त्यासाठी ती फार चांगली बाई आहे, घर नीट सांभाळते, ते कर्तव्य होईपर्यंत जगाचा विचार तिच्या मनात येत नाही. तिनं स्वतः ठरवलं तर मी लागेल ती मदत करीन, पण मला बरोबर वाटत नाही त्याला उत्तेजन देणार नाही.

किती सभ्य आहे बघा! 'नको' असं कुठेच नाही. 'तिलाच नकोय' असं आहे. ही भाषा आपण सगळ्यांनी घरात ऐकलेली आहे. "अगं, मी कुठे अडवलंय?"

आणि तिला खरंच नको होतं का? त्याच्या आदल्या वर्षी, १८३६ मध्ये, लंडनच्या एका स्नेह्याला तिनं लिहिलं होतं की आपल्या कामाबद्दल कोणी कधी मतच दिलं नाही, कोणाला रसच नसला, तर हळूहळू त्यातला आनंद जातो आणि त्याची किंमत ठरवायची आपली ताकदही जाते. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. तिला टाळ्या कमी पडल्या नव्हत्या, कोणीतरी गंभीरपणे चूक काढणारं हवं होतं.

---

क्रॉइत्सबर्गवाली

काळी_चार, टाळ्यांवरून आठवलं. मी बर्लिनमध्ये राहते म्हणून थोडी भर. मेंडेल्सोनांचं घर लाइपझिगर श्ट्रासे ३ या पत्त्यावर होतं. आज त्या जागी जर्मनीच्या वरच्या सभागृहाची, बुंडेसराटची इमारत आहे. मागच्या बागेत एक बैठं घर होतं, तिथे फॅनी आणि विल्हेल्म राहायचे. १८३१ पासून तिनं तिथे रविवारच्या मैफली पुन्हा सुरू केल्या. आधी त्या वडिलांनी फेलिक्ससाठी भरवलेल्या. आता कार्यक्रम ती ठरवणार, कोरसला ती शिकवणार, पियानोवर तीच. 'घरगुती' म्हणायचं, पण शेदोनशे माणसं यायची. नामवंत पियानोवादक लिझ्ट आला, क्लारा शूमान आली.

१८३४ मध्ये तिथे बाहेरून वाद्यवृंद बोलावला होता. तिच्या सी मेजरमधल्या ओव्हर्चरच्या (वाद्यवृंदासाठीची एक रचना) वेळी छडी तिच्या हातात आली. नंतर फेलिक्सला लिहिलंय की मेघगर्जना करणाऱ्या ज्युपिटरसारखी उभी होते, आणि दर ठोक्याला लाजत होते.

तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत मात्र ती पहिल्यांदा वाजवायला बसली थेट १८३८ मध्ये. धर्मादाय कार्यक्रम होता म्हणून चाललं. वाजवलं काय, तर फेलिक्सचा जी मायनर कन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत वाजवायची पियानोची रचना).

---

गणिताचा_तास

संगीतातलं शून्य कळतं, पण आडनाव वाचून दचकलो म्हणून लिहितोय. फॅनी आणि फेलिक्सला आणखी एक बहीण होती, रेबेका. तिचा नवरा म्हणजे गणिती डिरिक्ले! नऊ खणांत दहा कबुतरं ठेवली तर एका खणात किमान दोन येणारच, तोच तो. ही रेबेका उत्तम गायची. ती म्हणायची म्हणे की माझ्या मोठ्या भावाबहिणीनं माझी कलावंत म्हणून होणारी कीर्ती पळवली, दुसऱ्या कुठल्याही घरात जन्मले असते तर माझं कौतुक झालं असतं.

म्हणजे दुर्लक्षित बहिणीचीही एक दुर्लक्षित बहीण. खण कमी, कबुतरं जास्त.

---

काळी_चार

😂 गणिताचा_तास, हा प्रतिसाद फ्रेम करून लावते. धाकटा पाउलही होता, चेलो वाजवायचा, पण बँकेत गेला. त्याच्यावर धागा कोण काढणार?

फॅनीचा शेवटचा मोठा तुकडा, डी मायनरमधला पियानो ट्रायो (पियानो, व्हायोलिन आणि चेलो), रेबेकाच्याच वाढदिवसाला वाजला, ११ एप्रिल १८४७ ला. कोणी एकच गोष्ट ऐकणार असाल तर तो ऐका. पहिल्या भागात पियानो जो वादळासारखा सुटतो, तो ऐकून 'दागिना' शब्द आठवला की हसू येतं.

---

ठाण्याची_आजी

अवांतर होईल, पण राहवत नाही. आपल्याकडे एक उलटं उदाहरण आहे. लताबाईंनी 'आनंदघन' या नावानं मराठी चित्रपटांना संगीत दिलं. १९६५ च्या 'साधी माणसं'ची गाणी आठवा, 'ऐरणीच्या देवा तुला'. कित्येकांना वर्षानुवर्षं वाटायचं की आनंदघन म्हणजे कोणी पुरुष. पण ते नाव त्यांनी स्वतः घेतलेलं, भावाचं नव्हे. फरक तिथे आहे.

आणि अन्नपूर्णा देवी. अली अकबर खाँसाहेबांची बहीण, बाबा अल्लाउद्दीन खाँची मुलगी. मुंबईतच राहिल्या, २०१८ मध्ये गेल्या. बाहेर वाजवणं सोडलं, पण हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले.

---

टीकोजीराव

आजी, अन्नपूर्णा देवींचं प्रकरण वेगळं आहे, तिथे नवऱ्याचाही भाग येतो. त्यावर नवा धागा काढा, इथे दोन्ही विषयांची खिचडी नको.

मूळ विषयावर एक खवचट प्रश्न. फॅनीनं साडेचारशेहून जास्त रचना केल्या म्हणतात. पैकी गाणी आणि पियानोचे छोटे तुकडे किती? बरेच. सिंफनी एकही नाही. मग ती 'दुसरी फेलिक्स' झाली असती हे कशावरून?

---

काळी_चार

झाली असती असं म्हणतच नाही मी. 'असती-नसती'त शिरलं की तिथून बाहेर पडता येत नाही.

पण 'छोटे तुकडे'च का, याचं उत्तर तिनंच दिलंय. १८३४ मध्ये तिनं ई फ्लॅटमधलं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) लिहिलं. फेलिक्सनं त्याच्या बांधणीवर टीका केली. तिनं उत्तर लिहिलं की कल्पना लांबवर तोलून धरायची ताकद माझ्यात नाही, म्हणून मला गाणीच जमतात. पुन्हा क्वार्टेट लिहिलं नाही. ते छापलं गेलं १९८८ मध्ये. त्याचा पहिला भाग नेहमीच्या साच्यात बसत नाही हे खरंच आहे, संथ सुरुवात होते आणि आलापासारखं भटकत जातं. फेलिक्सला ती चूक वाटली. आज तेच ऐकताना मला ती त्यातली सगळ्यात धीट जागा वाटते. चूक काढणारा एकच माणूस असला, आणि तोही घरातला, की त्याची आवडनिवड हाच कायदा होतो.

छोट्या तुकड्यांबद्दल म्हणाल तर माझा 'सप्टेंबर' बारातला एक आहे. १८३९-४० मध्ये ती नवऱ्यासोबत आणि मुलासोबत इटलीत होती. रोममध्ये तिथल्या तरुण फ्रेंच कलावंतांनी तिला डोक्यावर घेतलं, त्यात पुढे मोठा संगीतकार झालेला गुनो होता. तिच्याकडून तासन् तास बाख ऐकायचा. परत आल्यावर १८४१ मध्ये तिनं 'दास यार' लिहिलं, म्हणजे 'वर्ष'. महिन्याला एक तुकडा, शेवटी एक उपसंहार. पक्की प्रत तिनं वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर उतरवली. प्रत्येक महिन्याच्या माथ्यावर दोन-चार ओळींची कविता आणि विल्हेल्मनं काढलेलं छोटं चित्र. मार्चमध्ये ईस्टरचं स्तोत्र येतं, डिसेंबरमध्ये नाताळचं. सप्टेंबरच्या वर जर्मन कवी गटेची ओळ आहे, वाहा, वाहा, लाडक्या नदी, अशा अर्थाची. हे सगळं एकत्र वाजवायला पाऊण तास तरी लागतो. मग हे 'छोटे तुकडे' की एकच मोठं काम?

---

निर्मळ_तळं

शेवटी छापलं का मग तिनं काही?

---

काळी_चार

छापलं! चाळिशीत. १८४६ मध्ये बर्लिनचे दोन प्रकाशक मागे लागले. नवऱ्याचा भक्कम पाठिंबा, त्याचा तर सुरुवातीपासून होता. जुलैत तिनं फेलिक्सला कळवलं. परवानगी मागितली नाही, कळवलं. त्यात लिहिलंय की चौदाव्या वर्षी मी वडिलांना भ्यायचे, तशी चाळिसाव्या वर्षी भावांना भिते, हे हास्यास्पद आहे. त्याचं उत्तर यायला ऑगस्टचा मध्य उजाडला. धंद्यातल्या माणसानं नवख्याला द्यावा तसा आशीर्वाद दिला आणि प्रकाशनाची सुखं मिळोत, दुःखं न मिळोत असं लिहिलं. उशिरा का होईना, दिला.

पुस्तकांमागून पुस्तकं निघू लागली. ओपस १ सहा गाण्यांचं. ओपस २ मध्ये माझा 'सप्टेंबर'. जेमतेम वर्षभर चाललं हे.

१४ मे १८४७, शुक्रवार. रविवारच्या मैफलीची तालीम, फेलिक्सचीच रचना. पियानोवर बसलेली असताना हात बधिर झाले. रात्री अकराला गेली. वय ४१.

फेलिक्स बातमी ऐकून कोसळला. अंत्यविधीला जाऊ शकला नाही. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये बसून त्यानं एफ मायनरचं क्वार्टेट लिहिलं, ते ऐकताना टीकोजीरावांचा फेलिक्स मलाही आपलासा वाटतो. तिची राहिलेली हस्तलिखितं प्रकाशकाकडे त्यानंच नेली, पण ती १८५० मध्ये छापून आलेली बघायला तो नव्हता. ४ नोव्हेंबर १८४७ ला तोही गेला. ३८ वर्षांचा.

---

टीकोजीराव

एफ मायनर क्वार्टेट. बस. यापुढे माझं काही म्हणणं नाही. ट्रायो आज रात्री ऐकतो.

---

वाचनमात्र

सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिलाच प्रतिसाद.

आमच्या आईला पेटी यायची. भजनी मंडळात नव्या अभंगांना चाली तीच लावायची. स्वयंपाक करता करता गुणगुणायची, मग कणकेच्या हातानं पेटीवर सूर बघायची. पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीत कणीक वाळून बसलेली असायची, ती मी टाचणीनं काढायचो. मंडळाच्या वहीत प्रत्येक अभंगापुढे चाल कोणाची ते लिहायची पद्धत होती. आईच्या चालींपुढे लिहिलंय 'पारंपरिक'. अक्षर तिचंच आहे.

---

ठाण्याची_आजी

वाचनमात्र, ती वही कुठे आहे आता?

---

वाचनमात्र

भावाकडे. गावी. बहुतेक माळ्यावर.

---

क्रॉइत्सबर्गवाली

आज कामावरून येताना मुद्दाम मेरिंगडामच्या दफनभूमीत जाऊन आले. बहीण-भाऊ शेजारी शेजारी आहेत. तिच्या दगडावर नावाखाली स्वरलिपी कोरलेली आहे, चक्क पाच रेघा आणि त्यावर सूर. जायच्या आदल्या दिवशी, १३ मे ला तिनं जे गाणं लिहून संपवलं त्यातली शेवटची ओळ. विचार जातात आणि गाणी जातात, पार स्वर्गापर्यंत, असे शब्द आहेत. दगड काळवंडलाय, पण सूर वाचता येतात. फोटो काढलाय, रात्री टाकते.

---

काळी_चार

नक्की टाक गं. जमलं तर सुरांचा जवळून काढलेलाही. वाजवून बघते.

---

वाचनमात्र

आजी, भावाला फोन केला. वही आहे, वाळवीनं कडा खाल्ल्यात. गणपतीला जाईन तेव्हा घेऊन येतो.